खेळाचा सर्व्हर घरात, पण दार बंद!

महामार्ग, लोहमार्ग आणि विमानतळ या तिन्ही गोष्टी ज्यांच्या अंगणात आहेत, अशा महाराष्ट्रातील मोजक्या शहरांपैकी पनवेल हे एक. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथूनच सुरू होतो. रोहा, कर्जत आणि दिव्याकडील रेल्वेमार्ग येथे एकत्र येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळही जवळच आहे. अशा शहरातील तरुणांना संगणकावर ट्रक, आगगाडी वा विमान चालविण्याच्या ‘सिम्युलेशन’ खेळांची ओढ वाटावी, यात नवल नाही. हे खेळ एकट्याने खेळण्यात फारशी अडचण येत नाही. अडचण सुरू होते ती चार मित्रांनी एकत्र खेळायचे ठरविल्यावर. एकाने आपल्या संगणकावर खेळाचा ‘सर्व्हर’ सुरू करायचा आणि इतरांनी आपापल्या घरून त्यात सामील व्हायचे, असा बेत ठरतो. सर्व्हर सुरू होतो, मित्र प्रयत्न करतात आणि पडद्यावर ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढाच निरोप झळकतो.

यावर ‘राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो तंतोतंत पाळूनही अनेकांच्या पदरी निराशा येते. मग राउटर सदोष असल्याची समजूत होते आणि काही हजार रुपयांचा ‘गेमिंग राउटर’ घरी आणला जातो. तोही उपयोगी पडत नाही. कारण बऱ्याच वेळा दोष घरात नसतोच. तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात, एक पायरी वर असतो. तो नेमका कोठे आहे हे ओळखण्याची एक साधी पद्धत आहे. ती समजून घेतली तर वेळ, पैसा आणि मनस्ताप तिन्ही वाचू शकतात.

एक पत्ता, अनेक बिऱ्हाडे

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांकरूपी पत्ता असतो. त्याला ‘आयपी पत्ता’ म्हणतात. प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे ‘आयपीव्ही४’ पद्धतीत, असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. जगाची लोकसंख्या याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय प्रत्येकाकडे फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच असे अनेक प्रकार. पत्त्यांची ही टंचाई नव्वदच्या दशकातच दिसू लागली होती. तिच्यावर १९९४ मध्ये ‘नॅट’ नावाची तोड सुचविण्यात आली. घराला बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता द्यायचा आणि आतील यंत्रांना खासगी पत्ते वाटायचे, असे तिचे स्वरूप. १९९६ मध्ये या खासगी पत्त्यांसाठी तीन गट कायमचे राखून ठेवण्यात आले. घरोघरी दिसणारा ‘१९२.१६८’ने सुरू होणारा पत्ता हा त्यांपैकीच एका गटातला.

गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजते. इमारतीचा पत्ता एकच. आत बिऱ्हाडे अनेक. प्रवेशद्वारावरील रखवालदार म्हणजे राउटर. आतील रहिवाशाने बाहेरून काही मागविले, तर रखवालदार त्याची नोंद ठेवतो आणि वस्तू आली की योग्य बिऱ्हाडाकडे पाठवितो. संकेतस्थळे पाहताना हेच घडते, म्हणून तेथे काहीच अडत नाही. परंतु कोणी न बोलावता एखादा पाहुणा दाराशी आला आणि त्याला कोणत्या बिऱ्हाडात जायचे हे रखवालदाराला ठाऊक नसले, तर त्याला परत पाठविण्यात येते. घरच्या सर्व्हरकडे येणारा मित्र हा असाच पाहुणा असतो.

‘अमुक क्रमांकाच्या खिडकीवर येणाऱ्याला थेट तमुक बिऱ्हाडाकडे सोड’ अशी रखवालदाराला आगाऊ दिलेली सूचना म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. ‘पोर्ट’ म्हणजे ही खिडकी. तिचा क्रमांक १ ते ६५,५३५ यांपैकी कोणताही असू शकतो. प्रत्येक खेळाची खिडकी ठरलेली असते. ‘फार्मिंग सिम्युलेटर’चा मूळ क्रमांक १०८२३, ‘ओपन रेल्स’ या विनामूल्य आगगाडी सिम्युलेटरचा ३००००, ‘ओपनटीटीडी’ या वाहतूक व्यवसायाच्या खेळाचा ३९७९, तर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’चा स्वतंत्र सर्व्हर २७०१५ आणि २७०१६ हे क्रमांक वापरतो. हे क्रमांक बदलता येतात. त्यामुळे खेळाच्या सेटिंग्जमध्ये प्रत्यक्ष कोणता आकडा आहे, तो पाहूनच पुढे जावे.

आधी दोन मिनिटांची परीक्षा

बहुतेक जण थेट नियम लिहिण्यास सुरुवात करतात आणि अपयश आले की कारणे शोधतात. खरे तर क्रम उलटा हवा. सर्वप्रथम राउटरच्या व्यवस्थापन पानावर जाऊन ‘वॅन आयपी’ किंवा ‘इंटरनेट आयपी’ या शीर्षकाखालील पत्ता कागदावर लिहून घ्यावा. मग ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्या शेजारी लिहावा. दोन्ही पत्ते एकच असतील, तर राउटर थेट इंटरनेटवर आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग यशस्वी होण्याची पूर्ण शक्यता आहे. पत्ते निराळे असतील, तर राउटर आणि इंटरनेट यांच्या मध्ये आणखी एक रखवालदार उभा आहे, असे समजावे.

हा दुसरा रखवालदार कोण, हेही त्या पत्त्यावरूनच बहुधा कळते. वॅन पत्ता ‘१९२.१६८’ने सुरू होत असेल, तर तो बहुधा घरातच असतो. फायबरची जोडणी घेताना कंपनी जी पेटी बसविते, ती बहुतेकदा स्वतःच राउटर असते. तिच्यापुढे आणखी एक राउटर जोडला की दुहेरी ‘नॅट’ तयार होते. यावर दोन सोपे उपाय आहेत. कंपनीची पेटी ‘ब्रिज’ पद्धतीत ठेवून सारे काम आपल्या राउटरकडे सोपवावे. अथवा आपल्या राउटरला केवळ ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून वापरावे आणि नियम कंपनीच्या पेटीत लिहावा. पहिल्या उपायासाठी बहुधा कंपनीच्या तंत्रज्ञाची मदत लागते.

वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर मात्र मामला वेगळा आहे. हा गट एप्रिल २०१२ मध्ये खास सेवा कंपन्यांसाठी राखून ठेवण्यात आला. त्यात सुमारे ४२ लाख पत्ते आहेत. येथे कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसविलेले असते. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. काही कंपन्या याच कामासाठी ‘१०’ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. अशा जोडणीवर घरच्या राउटरमध्ये कितीही अचूक नियम लिहिला तरी तो व्यर्थ ठरतो. कारण पाहुणा घरच्या दारापर्यंत पोहोचतच नाही, तो वसाहतीच्या वेशीवरूनच परत जातो. ही परीक्षा आधी केली असती तर वाया गेलेल्या कित्येक संध्याकाळी वाचल्या असत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

नियम बरोबर, तरीही जोडणी नाही

दोन्ही पत्ते जुळत असूनही खेळ जोडला जात नसेल, तर दोष घरातच आहे आणि तो सापडतो. त्यासाठी आतून बाहेर या क्रमाने तपासणी करावी.

पहिला प्रश्न : खेळाचा सर्व्हर खरोखर सुरू आहे काय? घरातीलच दुसऱ्या संगणकावरून, सर्व्हरचा खासगी पत्ता देऊन खेळात शिरून पाहावे. येथेच अपयश आले तर राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोजमधील ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली असता कोणता पोर्ट कोणत्या प्रोग्रामने उघडला आहे याची यादी मिळते. त्या यादीत खेळाचा क्रमांक दिसला पाहिजे.

दुसरा प्रश्न : संगणकावरील ‘फायरवॉल’ अडवीत आहे काय? विंडोज प्रत्येक जोडणीला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असे वर्गीकरण देते. घरचे वायफाय चुकून ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडविल्या जातात. खेळ पहिल्यांदा सुरू होताना परवानगीची चौकट येते. ती घाईने बंद केली तर विंडोज तोच नकार समजते. अशा वेळी संपूर्ण फायरवॉल बंद न करता केवळ त्या खेळाला परवानगी द्यावी. विषाणुरोधक प्रणालीची स्वतःची फायरवॉल असेल तर तीही तपासावी.

तिसरा प्रश्न : संगणकाचा खासगी पत्ता बदलला तर नाही ना? राउटर हे पत्ते काही काळापुरतेच वाटतो. आज १९२.१६८.१.५ असलेला संगणक वीज जाऊन आल्यानंतर १९२.१६८.१.९ होऊ शकतो आणि नियम मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवीत राहतो. ‘काल चालत होते, आज बंद पडले’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण होय. राउटरमधील ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ या सोयीने त्या संगणकासाठी एकच पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

चौथा प्रश्न : नियमातील प्रकार योग्य आहे काय? पोर्टमधून होणारी वाहतूक ‘टीसीपी’ आणि ‘यूडीपी’ अशा दोन प्रकारची असते. टीसीपी ही पोच घेऊन पाठविलेल्या रजिस्टर पत्रासारखी. यूडीपी साध्या पोस्टकार्डासारखी जलद, पण पोच नसलेली. वाहनाची क्षणोक्षणीची स्थिती कळविण्यासाठी अनेक खेळ यूडीपी वापरतात, तर काही दोन्ही. नियम लिहिताना ‘बोथ’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर दोन स्वतंत्र नियम लिहावेत.

चाचणीच फसवी असू शकते

यानंतरही एक सापळा उरतो. आपल्याच घरातून आपला सार्वजनिक पत्ता देऊन खेळात शिरण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. बाहेर जाऊन पुन्हा आत वळण्याची ही सोय बऱ्याच राउटरमध्ये नसते. त्यामुळे सर्व काही योग्य असूनही चाचणी अपयशी ठरते. खरी चाचणी बाहेरूनच हवी. दुसऱ्या घरातील मित्राला प्रयत्न करावयास सांगावे, किंवा दुसरा संगणक मोबाइलच्या डेटावर जोडून पाहावे.

पोर्ट तपासून देणाऱ्या संकेतस्थळांचेही असेच. ती सहसा टीसीपीचीच तपासणी करतात. यूडीपी वापरणाऱ्या खेळासाठी त्यांचा ‘बंद’ हा निकाल निरर्थक असतो. शिवाय त्या क्षणी सर्व्हर सुरू नसेल, तर नियम बरोबर असूनही पोर्ट बंदच दिसतो. खिडकी उघडी आहे, पण पलीकडे बसलेले कोणी नाही, अशी ही अवस्था. चाचणीपूर्वी खेळ सुरू करून ठेवणे म्हणूनच आवश्यक.

सार्वजनिक पत्ता मिळालेला असला तरी तो वेळोवेळी बदलत असेल, तर मित्रांना दर वेळी नवा पत्ता कळवावा लागतो. ‘डायनॅमिक डीएनएस’ या सेवेने एक कायमचे नाव मिळते आणि पत्ता बदलला तरी नाव तेच राहते. मात्र, सीजीनॅटच्या जोडणीवर ही सेवा काहीही कामाची नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दिव्याखाली अंधार

पनवेलच्या संदर्भात यातील विसंगती ठळकपणे जाणवते. हिरानंदानी समूहाच्या ‘योट्टा’ कंपनीचे ‘एनएम १’ हे विदा केंद्र २०२० मध्ये पनवेलमध्येच सुरू झाले. ७,२०० रॅक सामावून घेण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून ज्यांच्याशी संपर्क साधता येईल असे हजारो सर्व्हर ज्या शहरात सामावू शकतात, त्याच शहरातील घरातल्या संगणकापर्यंत शेजारच्या कळंबोलीतील मित्र पोहोचू शकत नाही!

यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही. जागतिक साठ्यातील आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या गटावर आला आणि तेथून पुढे काटेकोर शिधावाटप सुरू झाले. भारतात घरोघरी ब्रॉडबँडचा खरा प्रसार झाला तो त्यानंतर. ज्या कंपन्या उशिरा आल्या त्यांच्या वाट्याला थोडेच पत्ते आले आणि ग्राहक मात्र लाखोंनी वाढले. एका पत्त्याचे ६५ हजार पोर्ट अनेक घरांत वाटून देण्यावाचून त्यांच्यापुढे फारसा पर्याय नव्हता. केवळ पाहणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या ग्राहकाला याची झळ लागत नाही. घरातून स्वतः काही देऊ पाहणाऱ्याला मात्र ती लागते. इंटरनेट हे मुळात दोन्ही बाजूंनी बोलण्याचे माध्यम होते. सामान्य घरासाठी ते हळूहळू एकतर्फी होत गेले, ही या प्रश्नाची मोठी बाजू आहे.

मार्ग कोणते?

सीजीनॅटच्या मागे असलेल्यांनाही मार्ग आहेत. पहिला मार्ग कंपनीकडे मागणी करण्याचा. येथे शब्द नेमके वापरावेत. गरज असते ती ‘पब्लिक’ पत्त्याची. तो ‘स्टॅटिक’, म्हणजे न बदलणारा, असलाच पाहिजे असे नाही. अनेक कंपन्या वेगळे शुल्क आकारून स्टॅटिक पत्ता देतात, काही घरगुती ग्राहकांना तो देतच नाहीत. नवी जोडणी घेतानाच हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे. मोबाइलच्या जाळ्यावर चालणाऱ्या बिनतारी ब्रॉडबँडमध्ये असा पत्ता मिळण्याची शक्यता सहसा कमीच असते.

दुसरा मार्ग आभासी खासगी जाळ्याचा. ‘टेलस्केल’ किंवा ‘झीरोटियर’ यांसारखी प्रणाली सर्व मित्रांनी आपापल्या संगणकावर बसविली की ते सारे एकाच घरात असल्यासारखे जोडले जातात. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बाहेर हाक मारून मधल्या रखवालदारांना वाट मोकळी करावयास लावणे, ही यामागील युक्ती. राउटरमध्ये काहीही बदलावे लागत नाही आणि परक्यांसाठी दारही उघडे राहत नाही. चार-सहा ओळखीच्या मित्रांसाठी हाच उपाय सर्वांत सोयीचा म्हणावा लागेल.

तिसरा मार्ग सर्व्हर भाड्याने घेण्याचा. त्यात अंतराचा विचार करावा. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागणार आणि केबलच्या वळणांमुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. खेळाडू मुंबई परिसरातले असतील तर सर्व्हरही मुंबईतलाच निवडावा.

चौथा मार्ग भविष्यातला, पण आजही काहीसा खुला असलेला. ‘आयपीव्ही६’ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाईच नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. भारत यात जगातील आघाडीच्या देशांत आहे. गुगलच्या मोजणीत भारतातून येणाऱ्या निम्म्याहून अधिक जोडण्या या पद्धतीच्या असतात. मात्र, खेळ आणि समोरचा मित्र या दोघांकडेही ती असावी लागते, तसेच राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगीचा नियम लिहावाच लागतो.

खेळ बनविणाऱ्यांनीही आता ही अडचण ओळखली आहे. ‘ओपनटीटीडी’ने २०२१ मध्ये आपल्या १२व्या आवृत्तीत आमंत्रणाचा संकेतांक देऊन खेळाडूंना जोडण्याची सोय केली. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’नेही त्याच वर्षी ‘कॉन्व्हॉय’ ही सोय आणली. पोर्टच्या भानगडीत पडण्यापूर्वी आपल्या खेळात अशी सोय आहे काय, हे पाहणे म्हणूनच इष्ट.

उघड्या दाराची जोखीम

पोर्ट उघडणे म्हणजे घराचे एक दार जगासाठी उघडणे, हे विसरून चालणार नाही. इंटरनेटवर उघडी दारे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम चोवीस तास कार्यरत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या प्रोग्रामने घरोघरचे सुरक्षा कॅमेरे, त्यांचे चित्रमुद्रक आणि राउटर मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याजवळ कारखान्यातून आलेल्या सुमारे साठ नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. एवढी शिदोरी त्याला पुरली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. सोसायटीचा कॅमेरा मोबाइलवर दिसावा म्हणून पोर्ट उघडून ठेवणाऱ्या प्रत्येक गृहसंस्थेने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

म्हणून काही पथ्ये पाळणे अगत्याचे. खेळाला लागणारा पोर्ट तेवढाच उघडावा. काहीच जमत नाही म्हणून ‘डीएमझेड’ या पर्यायाने संपूर्ण संगणक उघड्यावर ठेवण्याचा मोह टाळावा. दूरस्थ नियंत्रणासाठीचा ३३८९ हा पोर्ट तर कधीच थेट उघडू नये. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, त्याची प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद करावी. ‘यूपीएनपी’ ही सोय प्रोग्रामला न विचारता पोर्ट उघडू देते. ती खेळासाठी सुखाची, पण संगणकात शिरलेल्या घातक प्रोग्रामलाही तितकीच सुखाची. खेळाला पासवर्ड असावा आणि घरचा आयपी पत्ता जाहीर ठिकाणी टाकू नये. खेळाचा हंगाम संपला की नियम पुसून टाकावा. संगणकात घातक प्रोग्राम शिरल्याचा संशय आल्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची विनामूल्य साधने उपलब्ध आहेत.

घरात असा सर्व्हर उभा करू पाहणाऱ्या मुलाकडे ‘खेळात वेळ घालवितो’ एवढ्याच दृष्टीने पालकांनी पाहू नये. पत्ते, पोर्ट आणि फायरवॉल यांची जी ओळख त्याला या खटपटीत होते, त्याच पायावर विदा केंद्रांतील नोकऱ्या उभ्या आहेत. मात्र, नवा राउटर विकत घेण्याचा हट्ट पुरविण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा : राउटरवरचा पत्ता आणि संकेतस्थळावर दिसणारा पत्ता एकच आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यामागचे कारण आधी शोधावे. कंपनीची जोडणीच तशी असल्यास पैसे दुकानदाराला देण्याऐवजी एक दूरध्वनी सेवा कंपनीला करावा.